टाकून दिलेल्या बालकांचे पिते : संत व्हिन्सेंट दी पॉल

आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी मंदिर कोणी बांधिले, घंटा कोणी दिली, वेदी कोणी उभारली, यांची आठवण आपण कृतज्ञतेने करितो, व ते योग्यच आहे. परंतु ज्या हातांनी भुकेल्याला भाकरी दिली व पोरक्या लेकराला उराशी धरिले, त्यांची नावे संगमरवरावर क्वचितच कोरली जातात. अशा हातांना एकत्र आणून कामाला लाविणारा एक महापुरुष फ्रान्स देशात होऊन गेला. त्याचे चरित्र वाचकांपुढे थोडक्यात ठेवीत आहो.

व्हिन्सेंट यांचा जन्म १५८१ च्या सुमारास फ्रान्सच्या नैर्ऋत्येस, डाक्स शहराजवळील पूय या खेड्यात झाला. वडील जाँ द पॉल शेतकरी होते, आईचे नाव बर्त्रांद. सहा भावंडांत व्हिन्सेंट तिसरे. लहानपणी ते गुरे व मेंढरे राखीत. मुलगा बुद्धिमान आहे हे पाहून वडिलांनी त्यास डाक्स येथे शाळेत घातले, व पुढे त्याच्या शिक्षणासाठी बैलांची जोडीही विकली. दारची बैलजोडी विकणे म्हणजे काय, हे आपल्यातील शेतकरी बांधवांस सांगावयास नको.

परंतु या त्यागाचे मोल त्या वयात मुलाला कळले नाही. एकदा वडील त्यास भेटावयास शाळेत आले. अंगावर जाडेभरडे कपडे, आणि चालताना एक पाय लंगडा. व्हिन्सेंट यांना त्यांची लाज वाटली व ते भेटावयास बाहेर गेलेच नाहीत. ही गोष्ट लपविता आली असती. पण वृद्धपणी त्यांनी आपल्या सहकाऱ्यांपुढे स्वतःच ती पश्चात्तापाने सांगितली. जगाने ज्यांना लज्जेची वस्तू मानून टाकून दिले, त्यांना पुढे जवळ करणाऱ्या या संताने प्रथम आपल्याच पित्याला दूर लोटले होते, हे आपण विसरू नये. संत जन्मतःच संत नसतो.

१६०० साली, एकोणीस-वीस वर्षांच्या वयात, त्यांस धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. त्या काळी त्यांच्या मनात चांगले उत्पन्न मिळवून घरच्यांस सुखी करावे, एवढीच आकांक्षा होती. पुढे पॅरिस शहरात सत्पुरुषांचा सहवास घडला, गोंदी नामक सरदार घराण्यात ते अध्यापक व आध्यात्मिक सल्लागार झाले, आणि त्यांच्या जमिनींवरील गोरगरीब कुळांची दैन्यावस्था त्यांनी डोळ्यांनी पाहिली. हळूहळू त्यांचे अंतःकरण पालटले.

१६१७ च्या ऑगस्ट महिन्यातील एक रविवार त्यांच्या जीवनात मोठा ठरला. तेव्हा ते शातियाँ या गावी धर्मगुरू होते. मिस्सेसाठी ते वस्त्रे परिधान करीत असता एका बाईने येऊन सांगितले की, गावाबाहेरच्या एका घरात सारे कुटुंब आजारी पडले असून त्यांची शुश्रूषा करण्यास कोणी उरले नाही. व्हिन्सेंट यांनी प्रवचनात ती हकीकत सांगितली. दुपारी ते स्वतः तिकडे निघाले, तो वाटेवर स्त्रियांची जणू मिरवणूकच चाललेली. प्रत्येकीच्या हाती काही ना काही अन्न होते. दुसरा कोणी असता तर हे पाहून धन्य झाला असता. पण व्हिन्सेंट यांच्या शेतकरी मनात निराळाच विचार आला. आज इतके अन्न जमले की ते नासून जाईल, आणि उद्या त्या घरात पुन्हा चूल पेटणार नाही. दयेचा तुटवडा नव्हता, व्यवस्थेचा होता. त्यांनी काही स्त्रियांस एकत्र करून पाळ्या बांधून दिल्या, नियम लिहिले, पैशांचा हिशेब ठेवण्याची रीत घातली. हीच पहिली दयामंडळी.

पॅरिसमध्ये अशीच एक मंडळी १६३४ साली थोर घराण्यांतील स्त्रियांची स्थापन झाली. परंतु या सरदारपत्नी दान देत, देखरेख करीत, मात्र मळलेले बिछाने धुणे व रोग्याचे उष्टे काढणे त्यांच्याने सदैव होईना. काहींनी आपल्या जागी मोलकरणी धाडण्यास आरंभ केला. तेव्हा परमेश्वराने दुसरे साधन पुढे आणिले. सुरेन गावची मार्गरीत नासो ही गुरे राखणारी मुलगी स्वतःच्या खटपटीने वाचावयास शिकली व इतरांस शिकवू लागली होती. तिने गरिबांच्या सेवेस आपणास वाहून घेतले, आणि १६३३ साली प्लेगच्या एका रोगी स्त्रीस आपल्या बिछान्यात जागा दिल्यामुळे तिला मरण आले. तिच्यासारख्या खेडूत मुलींना लुईझ द मारियाक या विधवेने आपल्या घरी ठेवून घेतले व त्याच वर्षी २९ नोव्हेंबर रोजी दयाभगिनींच्या संघाचा प्रारंभ झाला. लुईझ यांचा जन्म विवाहबाह्य होता. आई कोण, हे कधी कळले नाही. टाकून दिलेल्या बालकांचा भार पुढे त्यांच्याच हाती यावा, यात परमेश्वरी योजना दिसते.

त्या काळी पॅरिसमध्ये वर्षास सुमारे तीनशे ते चारशे अर्भके मंदिरांच्या पायऱ्यांवर व रस्त्यांवर टाकलेली सापडत. पोलीस त्यांना ला कूश नावाच्या घरी नेत. तेथे एक विधवा व एक-दोन मोलकरणी. दूध पुरेसे नाही, दाया पुरेशा नाहीत. मुले रडू नयेत म्हणून त्यांना अफूचे औषध पाजीत. काही मुले थोडक्या पैशांस विकली जात, भीक मागण्यासाठीही त्यांचा उपयोग होई. बहुतेक सारी मरून जात. लोक याकडे डोळेझाक करीत, कारण ही पापाची संतती, तिला पोसणे म्हणजे पापाला आश्रय देणे, असे पुष्कळांस वाटे. व्हिन्सेंट यांना हा न्याय मान्य नव्हता. अपराध कोणाचाही असो, बालक निरपराध आहे, व प्रभू येशूने बालकांसच आपल्याजवळ बोलाविले, असे त्यांचे सांगणे होते.

१६३८ साली मंडळीने काम हाती घेतले. पण ऐपत इतकीच की बारा मुले न्यावीत. निवड कोणी करावी? शेवटी चिठ्ठ्या टाकून बारा बालके निवडिली व लुईझ आणि भगिनींच्या स्वाधीन केली. बाकीची तेथेच राहिली. ही गोष्ट व्हिन्सेंट यांच्या मनास बोचत राहिली असल्यास नवल नाही. १६४० च्या जानेवारीत मंडळीची सभा भरून सर्वच टाकलेल्या मुलांचा भार घेण्याचे ठरले.

काम कसे चाले, तेही ध्यानात घेण्याजोगे आहे. तान्ह्या मुलांना खेड्यापाड्यांतील अंगावर पाजणाऱ्या दायांकडे वेतन देऊन ठेवीत, व मुलांची नीट जोपासना होते की नाही हे पाहण्यास भगिनी गावोगाव जात. दूध सुटलेली मुले परत येत. त्यांस वाचन व धर्मशिक्षण मिळे, आणि मोठेपणी पोटापुरता धंदा किंवा शिवणकाम शिकविले जाई. राजा व राणी यांनी वार्षिक नेमणुका करून दिल्या, परंतु खर्च त्याच्या कितीतरी पटींनी होता. १६४७ साली पॅरिसबाहेरील बिसेत्रचा जुना राजवाडा मिळाला, तो फार मोठा व गैरसोयीचा. तेथील हवा मुलांस मानवेना व कित्येक दगावली. पुढे यादवी युद्ध सुरू झाले. दायांचे वेतन थकले, भगिनींस स्वतःचे अन्न तोडून मुलांना द्यावे लागले.

शेवटी मंडळीतील स्त्रिया खचल्या. काम सोडून द्यावे असा विचार पुढे आला. तेव्हा व्हिन्सेंट यांनी त्यांना बोलावून एवढेच पुढे ठेविले की, आजवर तुम्ही या मुलांच्या माता होता, आता घटकाभर त्यांच्या न्यायाधीश व्हा. तुम्ही हात दिलात तर ती जगतील, हात काढलात तर निश्चित मरतील. निकाल द्या. त्या स्त्रियांनी मुलांच्या बाजूने निकाल दिला, व काम सोडिले नाही.

चित्रांतून हा संत हिमवर्षावात अर्भकास झग्याखाली घेऊन चाललेला दिसतो. चित्र गोड आहे. परंतु त्याचे खरे थोरपण एका अर्भकास उचलण्यात नसून, शेकडो अर्भकांस उचलणारे हात एकत्र आणण्यात व ते थकले असता पुन्हा उभे करण्यात आहे. सरदारीण व गुराखीण, पैसा देणारी व लंगोट धुणारी, या दोघींवाचून ते काम तडीस गेले नसते.

१६६० च्या १५ मार्च रोजी लुईझ यांनी व २७ सप्टेंबर रोजी व्हिन्सेंट यांनी देह ठेविला. १६७० साली राजाज्ञेने अनाथ बालकांचे इस्पितळ कायम झाले. व्हिन्सेंट यांस १७३७ साली व लुईझ यांस १९३४ साली संतपद देण्यात आले. १८८५ साली पोप तेरावे लिओ यांनी संत व्हिन्सेंट यांस सर्व दयाकार्यांचे आश्रयदाते म्हणून जाहीर केले. त्यांच्याच नावाने फ्रेदरिक ओझानाम व त्यांच्या सोबत्यांनी १८३३ साली पॅरिसमध्ये जी सोसायटी काढिली, तिच्या शाखा आज आपल्या इकडील धर्मग्रामांतूनही गोरगरिबांची दारे ठोठावीत आहेत.

प्रिय बंधुभगिनींनो, ज्युबिलीच्या दिवशी आपल्या हातूनही पुष्कळ अन्न एकाच दिवसात वाटले जाईल. शातियाँच्या वाटेवर संताच्या मनात आलेला प्रश्न तेव्हा आपणही स्वतःस विचारावा : उद्या त्या घरी कोण जाणार? ज्यांची पाळी उद्याची आहे त्या सर्वांवर, आणि ज्यांना आई नाही अशा प्रत्येक लेकरावर, पवित्र मरिया मातेची छाया राहो, हीच प्रभूचरणी प्रार्थना.