डी. एन. म्हणजे कोण?

अंधेरीहून वर्सोव्याला जाताना डी. एन. नगर लागतं. हे डी. एन. कोण, ते सेकंड इयरपर्यंत मला माहीत नव्हतं. ते दादाभाई नौरोजी! जन्म ४ सप्टेंबर १८२५. एल्फिन्स्टन कॉलेजात ते गणिताचे प्राध्यापक होते, म्हणजे एम-थ्रीत केटी लागलेल्यांनी आधी नमस्कार करावा.

१८५५ मध्ये ते व्यापारासाठी इंग्लंडला गेले. भारतातला पैसा दरवर्षी इंग्लंडकडे कसा वाहून जातो, हे त्यांनी आकडे मांडून दाखवलं. पण नुसतं दाखवून काय होणार? कायदे पार्लमेंटात होतात. म्हणून १८८६ मध्ये ते लंडनच्या हॉबर्नमधून लिबरल पक्षातर्फे उभे राहिले आणि पडले. आयर्लंडच्या प्रश्नावरून तेव्हा तो पक्षच फुटला होता. पण १८८८ मध्ये काँझर्व्हेटिव्ह पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरींनी भाषणात वेगळंच कारण काढलं. ब्रिटिश मतदार एका काळ्या माणसाला निवडून देतील का, याची त्यांनी शंका घेतली.

झालं! सगळीकडे दादाभाईंच्या रंगाचीच चर्चा. लिबरल लोक सॉल्सबरींवर तुटून पडले, आणि ज्यांनी हे नाव ऐकलंही नव्हतं त्यांनाही ते पाठ झालं. गंमत म्हणजे सेंट्रल फिन्सबरीत त्यांच्याच पक्षातल्या काहींना दुसरा उमेदवार हवा होता. टीका करणं सोपं, तिकीट देणं कठीण! तरीही १८९२ मध्ये ते निवडून आले, अवघ्या ५ मतांनी. लोकांनी नौरोजीचं 'नॅरो मेजॉरिटी' करून टाकलं.

१८९५ मध्ये ते हरले. त्याच निवडणुकीत लंडनमधूनच दुसरा भारतीय जिंकला: मंचरजी भावनगरी. तेही पारशी, तेही मुंबईचे, पण पक्ष सॉल्सबरींचा! भावनगरी इंग्रजी राज्याचे समर्थक, काँग्रेसचे विरोधक. म्हणजे रंग तोच, पण सॉल्सबरींच्या पक्षाला तो आता चालला. मला वाटतं, अडचण फक्त रंगाची नव्हतीच. त्या रंगाचा माणूस हिशोब मागत होता, ही होती.

१९०६ च्या जानेवारीत दादाभाई पुन्हा उभे राहिले, पुन्हा पडले. त्याच डिसेंबरात, ८१ व्या वर्षी, कलकत्ता काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून त्यांनी स्वराज्य मागितलं. पुढच्या वर्षी ते कायमचे परतले आणि वर्सोव्याला राहू लागले. ३० जून १९१७ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.