पंडिता रमाबाईंची नम्रता

ख्रिस्ती धर्मात नम्रता हा सर्व सद्गुणांचा पाया मानला जातो. देवपुत्राने दासाचे रूप घेतले, शिष्यांचे पाय धुतले आणि अपराध्याचे मरण पत्करले, ही ज्या धर्माची मध्यवर्ती श्रद्धा आहे, त्या धर्मात अहंकाराला स्थान असू शकत नाही. तथापि नम्रता म्हणजे नेमके काय, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. ज्यांच्या हाती अधिकार असतो त्यांना इतरांची नम्रता विशेष प्रिय असते, आणि आज्ञाधारकपणालाच ते बहुधा नम्रता समजत असतात. या दोहोंतील अंतर ज्यांच्या आयुष्यात लख्ख दिसते, अशा थोड्या व्यक्तींत पंडिता रमाबाईंची गणना करावी लागेल.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथे झाला. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये, असा दंडक असलेल्या काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलींना संस्कृत शिकविले. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडले. १८७४ च्या सुमारास, दुष्काळाच्या दिवसांत, आईवडील उपासमारीने निवर्तले. पुढे भावासह पायी भटकत रमाबाई १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या अर्पण केल्या. त्या वेळी त्यांचे वय अवघे वीस वर्षांचे होते.

त्यानंतर आघातांमागून आघात झाले. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी जातिबंधन मोडून बिपिनबिहारी मेधावी या वकिलांशी विवाह केला. १८८२ मध्ये तेही वारले. लहानग्या मनोरमेला घेऊन रमाबाई पुण्यास आल्या, तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील जोगिणींच्या मठात राहत असताना, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

नम्रतेची कसोटी येथूनच सुरू झाली. नवदीक्षित विधवेने धर्मगुरूंचे निर्णय निमूटपणे मानावेत, ही मठाची स्वाभाविक अपेक्षा होती. रमाबाई मात्र प्रत्येक सिद्धांत बुद्धीच्या कसोटीवर घासून पाहत. त्रैक्याचा सिद्धांत त्यांना सहजासहजी पटला नाही. क्रुसावरचा मजकूर लॅटिनमध्ये असावा हेही त्यांना मान्य नव्हते. तो संस्कृतात असावा असा त्यांचा आग्रह होता. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे, अशी कल्पना पुढे आली. हिंदुस्थानातील बिशपांनी तिला हरकत घेतली, तेव्हा रमाबाईंनी या हस्तक्षेपाचा स्पष्ट निषेध केला. मायेने त्यांचा सांभाळ करणाऱ्या सिस्टर जेराल्डीन यांनाही हा गर्व आणि हेकेखोरपणा वाटला.

मायदेशी परतल्यावर दुसऱ्या बाजूनेही तोच आरोप आला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले शारदा सदन पुढील वर्षी पुण्यास हलविण्यात आले. तेथील काही विधवा मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्याने १८९३ मध्ये मोठे वादळ उठले. ‘केसरी’ने कठोर टीका केली, रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. खोलीचे दार बंद करून प्रार्थना करावी, ही सूचना रमाबाईंनी मानली नाही. १८९७ मध्ये प्लेगच्या इस्पितळात मुलींना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल त्यांनी वृत्तपत्रातून सरकारलाही जाब विचारला. मठ, समाज व सरकार, कोणत्याही सत्तेपुढे ही बाई वाकली नाही. मग तिला नम्र म्हणावे कोणत्या अर्थाने?

याचे उत्तर केडगावात मिळते. १८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचे कळताच रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. उपासमार म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. अन्नान्न झालेल्या सुमारे तीनशे मुली व विधवा त्यांनी आणल्या आणि दौंडजवळच्या केडगावच्या माळरानावर त्यांना आसरा दिला. तेथे ‘मुक्ती’ उभी राहिली. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातून आणखी शेकडो मुली आल्या आणि ही संख्या दोन हजारांच्या घरात गेली. समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन उघडले, आंधळ्या मुलींसाठी वेगळी सोय झाली. तेथे जात विचारली जात नसे. पांढरे साधे लुगडे नेसणारी आणि आयुष्यभर शाकाहारी राहिलेली ही विदुषी त्यांच्यातच राहिली.

त्याहून मोठा त्याग विद्येचा होता. प्रचलित मराठी बायबलची संस्कृतप्रचुर भाषा खेड्यातील बायकांना कळत नाही, हे ध्यानी येताच रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबलचे नवे भाषांतर हाती घेतले. जिच्या संस्कृताने कलकत्त्याचे पंडित थक्क झाले, तिने आपले पांडित्य बाजूला ठेवून अडाणी बाईला समजेल असे सोपे मराठी लिहिण्यात उतारवयाची वर्षे वेचली. खिळे जुळविण्यापासून छपाईपर्यंतचे काम आश्रमातील मुलींनीच केले. १९१९ मध्ये सरकारने रमाबाईंना कैसर-ए-हिंद पदक दिले. १९२१ मध्ये, ज्या मनोरमेवर पुढचा सारा भार सोपवायचा, तीच देवाघरी गेली. तरीही काम थांबले नाही. अखेरची मुद्रिते तपासून झाल्यानंतर लवकरच, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईंनी डोळे मिटले. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

रमाबाईंच्या धर्मांतराविषयी आणि मतांविषयी मतभेद असू शकतात. त्यांच्या करारी स्वभावाने काही माणसे दुखावलीही असतील. परंतु नम्रतेचा जो अर्थ त्यांनी आचरून दाखविला, तो कोणत्याही धर्माच्या माणसाला विचार करावयास लावणारा आहे. कचेरीत, शाळेत आणि घरात सर्वसाधारण रीत अशी, की वरिष्ठांपुढे मान तुकवावी आणि हाताखालच्या माणसापुढे ताठ व्हावे. साहेबापुढे अदबीने उभा राहणारा कारकून खेड्यातून आलेल्या अर्जदारावर खेकसतो, आणि अधिकाऱ्यापुढे शब्द न काढणारा शिक्षक वर्गातील मंद मुलाची टर उडवितो. अशा अदबीला व्यवहारात नम्रता हे नाव मिळते. वस्तुतः ती भीती असते किंवा हिशेब असतो. रमाबाईंनी ही रीत उलटी केली. ज्यांच्याकडून मान, पैसा वा संरक्षण मिळावयाचे त्यांच्यापुढे त्या ताठ राहिल्या, आणि ज्यांच्याकडून मिळण्यासारखे काहीच नव्हते, त्यांच्यासाठी आपली विद्यादेखील त्यांनी खाली ठेवली.