रामचंद्रपंत अमात्य

रामचंद्रपंत नीलकंठ अमात्य, ऊर्फ रामचंद्रपंत बावडेकर (जन्म: इ.स. १६५०च्या सुमारास, मृत्यू: इ.स. १७१६च्या सुमारास, पन्हाळा) हे मराठेशाहीतील मुत्सद्दी, प्रशासक आणि 'आज्ञापत्र' या राजनीतिविषयक ग्रंथाचे कर्ते होते. छत्रपती शिवाजी महाराजांपासून कोल्हापूरच्या दुसऱ्या संभाजी महाराजांपर्यंत पाच राजवटींचा कारभार त्यांनी जवळून पाहिला. गड, तोफा, दारूगोळा आणि धान्य यांचे पावसापासून रक्षण कसे करावे, याचे तपशीलवार नियम 'आज्ञापत्रा'त आढळतात. सह्याद्रीतील साधनसामग्रीच्या निगेविषयीचे ते महत्त्वाचे मराठी लेखन आहे.

पूर्वायुष्य

रामचंद्रपंतांचे वडील निळो सोनदेव हे शिवाजी महाराजांच्या सेवेत मुजुमदार होते. त्यांच्यानंतर हे काम त्यांच्या पुत्रांकडे आले. इ.स. १६७४मध्ये झालेल्या राज्याभिषेकाच्या वेळी रामचंद्रपंत अष्टप्रधानांपैकी अमात्य होते. राज्याचा जमाखर्च तपासणे हे अमात्याचे मुख्य काम. त्यामुळे गडांच्या बांधणीवर, डागडुजीवर व साठ्यावर होणारा खर्च त्यांच्या नजरेखालून जात असे.

हुकूमतपनाह

इ.स. १६८९मध्ये छत्रपती संभाजी महाराजांची हत्या झाली. त्याच वर्षी रायगड मोगलांच्या हाती गेला आणि महाराणी येसूबाई व शाहू कैदेत पडले. राजाराम महाराज जिंजीस गेले. मागे महाराष्ट्रातील कारभाराची जबाबदारी त्यांनी 'हुकूमतपनाह' हा किताब देऊन रामचंद्रपंतांवर सोपवली. विशाळगडावरून कारभार पाहत रामचंद्रपंतांनी शंकराजी नारायण सचिव व परशुराम त्रिंबक यांच्या साहाय्याने गेलेले गड परत मिळवण्याचा उद्योग आरंभला. संताजी घोरपडे व धनाजी जाधव या सेनानींनी मैदानी आघाडी सांभाळली.

या युद्धात पावसाळ्याचे महत्त्व मोठे होते. इ.स. १७०२मध्ये विशाळगड घेतल्यावर औरंगजेबाची फौज ऐन पावसात पन्हाळ्याकडे निघाली. सुमारे ४८ किलोमीटरचे हे अंतर कापण्यास तिला ३८ दिवस लागले. ओढ्यांना पूर आले, ओझ्याची जनावरे मेली आणि बरेच सामान वाटेत सोडून द्यावे लागले.

आज्ञापत्र

राजाराम महाराजांच्या मृत्यूनंतर (इ.स. १७००) रामचंद्रपंत महाराणी ताराबाईंच्या कारभारात राहिले. इ.स. १७१४मध्ये पन्हाळ्यावर झालेल्या सत्तांतरात त्यांनी राजसबाई व दुसरे संभाजी यांचा पक्ष घेतला. दुसऱ्या संभाजी महाराजांच्या नावे २१ नोव्हेंबर १७१५ रोजी 'आज्ञापत्र' निघाले. राजा, प्रधान, सावकार, टोपीकर, वतनदार, दुर्ग आणि आरमार हे त्यातील प्रमुख विषय होत.

दुर्गप्रकरणात साधनांची निगा हा राज्यरक्षणाचाच भाग मानलेला आहे. पर्जन्यकाळी तोफांना व दरवाजांना तेल आणि मेण लावावे, तोफांचे काने, म्हणजे बत्ती देण्याची छिद्रे, मेणाने बुजवावीत आणि तोफांवर आच्छादन घालावे, असा नियम आहे. दारूखाना वस्तीपासून दूर असावा. आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू व बाण बाहेर काढावेत, त्यांना ऊन द्यावे आणि पुन्हा मोहर करून ठेवावे, असेही सांगितले आहे. तटावर वाढलेली झाडे वर्षातून दोनदा कापण्याची सूचना आहे, कारण त्यांची मुळे चिरे सरकवतात आणि फटींतून पाणी आत शिरते. गडावर कोठेही केर पडू देऊ नये, तो गडाखाली न टाकता जागोजागी जाळावा आणि त्याची राख परसातील भाजीपाल्यास घालावी, असेही बजावले आहे.

या नियमांमागील कारण व्यावहारिक आहे. ओली दारू पेट घेत नाही, गंजलेली तोफ फुटण्याचा धोका असतो आणि फुगलेला दरवाजा वेळेवर लागत नाही. शत्रू पायथ्याशी आल्यावर यांपैकी काहीच दुरुस्त करता येत नाही.

पाली परिसर

रायगड जिल्ह्यातील पाली हे सुधागड तालुक्याचे ठिकाण. गावालगत सरसगड आहे, तर जवळच सुधागड आहे. शिवकाळात सरसगडाच्या डागडुजीसाठी २,००० होन मंजूर झाले होते. रामचंद्रपंतांचे सहकारी शंकराजी नारायण यांच्या घराण्याकडे, म्हणजे भोरच्या पंतसचिवांकडे, हा मुलूख पुढे राहिला आणि इ.स. १९४८मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत पाली भोर संस्थानात होती. सुधागडावर पंतसचिवांचा वाडा आहे. कोकणातील मुसळधार पावसात असे गड टिकवायचे, तर दरवर्षीची निगा अटळ होती.

वारसा

कोल्हापूर जिल्ह्यातील गगनबावडा ही रामचंद्रपंतांच्या वंशजांची जहागीर होती. 'बावडेकर' हे आडनाव त्यावरूनच आले.

सरसगड-सुधागडावर पावसाळ्यात जाणाऱ्या गिर्यारोहकांची साधने वेगळी असली, तरी निगेची तत्त्वे 'आज्ञापत्रा'तील नियमांशी जुळतात. पूर्वीपासून या भागात शेतकरी बांबूच्या कामट्या व पानांचे इरले वापरत. धनगरांची घोंगडी भिजली तरी ऊब देते, कारण लोकरीच्या कुरळ्या तंतूंमध्ये हवा अडकून राहते. आजच्या चामडी बुटांनाही चिखल धुऊन, सावलीत वाळवून मगच मेण लावतात. ओल्या चामड्यावर मेण लावल्यास ओल आत कोंडून बुरशी येते. पावसाळी जॅकेटवरील जलरोधक लेप मळ व घामाने निकामी होतो, म्हणून ते सौम्य साबणाने धुऊन पुन्हा लेप द्यावा लागतो. तंबू ओला घडी करून ठेवल्यास त्याचा लेप सुटू लागतो. आधी स्वच्छता, मग वाळवण, त्यानंतर लेप आणि ठरावीक काळाने तपासणी, हा क्रम दोन्हीकडे सारखाच आहे. ही सर्व कामे पाऊस सुरू होण्यापूर्वी उरकावी लागतात.