थिओबाल्ड ब्योम : बासरीला नवे रूप देणारा वादक

बासरी म्हटली की वेळूची नळी आणि तिच्यावरची सहा-सात भोके आपल्या डोळ्यांसमोर येतात. पाश्चात्त्य वाद्यवृंदातील बासरी मात्र बहुधा चांदीची असते व तिच्या अंगावर कळा आणि झाकणे यांची दाटी असते. तिचे आजचे हे रूप एका नोकरदार वादकाने सिद्ध केले. त्याचे नाव थिओबाल्ड ब्योम.

ब्योमचा जन्म ९ एप्रिल १७९४ रोजी म्युनिक येथे एका सोनाराच्या घरी झाला. वडिलांचा धंदा तो शिकला. पण ओढ होती बासरीची. हाती आलेल्या बासरीवरून त्याने आपल्यापुरती दुसरी बासरी घडविली. दरबारी वाद्यवृंदातील वादक कापेलर यांनी त्याला शिकविले. १८१२ साली तो एका नाट्यगृहात बासरीवादक झाला. दिवसा सोनारकाम आणि रात्री वादन असा क्रम काही वर्षे चालला. १८१८ मध्ये दरबारी वाद्यवृंदात जागा मिळाली व वादन हाच त्याचा व्यवसाय ठरला. १८२८ मध्ये त्याने बासऱ्या बनविण्याचा स्वतःचा कारखानाही काढला.

त्या काळच्या बासरीत एक मूळचा दोष होता. भोके जेथे बोटे पोचतील तेथे पाडलेली असत, स्वरशास्त्राला हवी तेथे नव्हे. त्यामुळे काही स्वर दुबळे, तर काही बेसूर निघत. १८३१ साली ब्योम लंडनला गेला. तेथे चार्ल्स निकल्सन मोठ्या भोकांची बासरी वाजवून भरदार आवाज काढीत असे. तो ऐकल्यावर ब्योमला आपल्या वाद्याचे तोकडेपण उमगले. त्याने भोके योग्य जागी नेली. तेथे बोटे पोचत नसल्यामुळे भोकांभोवती कड्या बसवून, एका बोटाने दूरचेही भोक मिटेल अशी योजना केली. ही बासरी १८३२ मध्ये तयार झाली. तिची बोटे निराळी. युरोपभर नाव मिळविलेल्या या वादकाला अडतिसाव्या वर्षी पुन्हा श्रीगणेशा करावा लागला!

पुढे काही वर्षे तो बव्हेरियातील लोखंड-पोलादाच्या उद्योगात गुंतला. मग प्राध्यापक शाफहॉइटल या स्नेह्याच्या साह्याने त्याने ध्वनिशास्त्राचा अभ्यास केला आणि १८४७ मध्ये धातूची, सरळ नळीची बासरी सिद्ध केली. हिची भोके इतकी मोठी की बोटाने झाकणे अशक्य. म्हणून प्रत्येकावर झाकण आले. १८५१ च्या लंडन प्रदर्शनात तिला पदक मिळाले.

मानाबरोबर मनस्तापही वाट्याला आला. ही कल्पना कॅप्टन गॉर्डन या हौशी वादकाची आहे, असा आरोप १८३८ मध्ये पॅरिसमध्ये झाला. ब्योमने त्याला तपशीलवार उत्तर दिले, तरी वाद त्याच्या मृत्यूनंतरही धुमसत राहिला. पॅरिसच्या संगीत विद्यालयात प्राध्यापक त्युलू यांनी नव्या बासरीला दारातच अडविले. १८६० मध्ये दोर्यूस त्यांच्या जागी आल्यावरच ती तेथे रुजली. खुद्द जर्मनीत तर बहुतेक वादक दीर्घकाळ जुन्याच बासरीला धरून होते. घरच्यांनी पाठ फिरविली असता फ्रान्स आणि इंग्लंड यांनी ती आपली म्हटली.

उतारवयात त्याने खालच्या पट्टीतील बासरी तयार केली आणि १८७१ मध्ये बासरीची रचना व वादन यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. २५ नोव्हेंबर १८८१ रोजी, ८७ व्या वर्षी, म्युनिक येथेच तो निवर्तला.

कला, शास्त्र आणि हातचे कसब यांच्या वाटा वेगळ्या, असे आपण महाविद्यालयात सहज मानतो. ब्योमच्या बासरीत सोनाराचा हात, वादकाचा कान आणि अभ्यासकाचे गणित एकत्र आले. यांतील एकही उणे असते, तर ती बासरी घडली नसती. आज जगातील जवळजवळ प्रत्येक वाद्यवृंदात त्याच्याच पद्धतीची बासरी वाजते.