सुरांना घर देणारे मठवासी : ग्विदो



व्हायोलिन किंवा कीबोर्ड शिकायला जाणारे मूल घरी येऊन प्रथम डो, रे, मी, फा, सोल, ला घोकू लागते. ही नावे आली कुठून, असे विचारले तर सहसा उत्तर मिळत नाही. ती आली आपल्याच ख्रिस्तसभेच्या एका उपासनागीतातून, आणि ती शोधून काढली एका मठवासीयाने. त्यांचे नाव ग्विदो. इटलीतील अरेत्सो ह्या नगरावरून जग त्यांना ओळखते. त्यांच्या मुख्य ग्रंथाला आता सुमारे हजार वर्षे होत आहेत, म्हणून ह्या अंकात त्यांची ओळख करून देण्याचे आम्ही ठरवले.

ग्विदो ह्यांचा जन्म इ. स. ९९१च्या सुमाराचा. तरुणपणी ते पोंपोसा येथील संत बेनेडिक्ट ह्यांच्या संघाच्या मठात दाखल झाले. हा मठ पो नदीच्या मुखाजवळ, एड्रियाटिक समुद्राच्या बाजूला आहे. संत बेनेडिक्ट ह्यांच्या नियमानुसार मठात दिवसातून अनेक वेळा प्रार्थना होई आणि आठवडाभरात सर्व १५० स्तोत्रे गायली जात. त्याशिवाय प्रत्येक सणाची, प्रत्येक रविवारची गीते वेगळी. हा सारा ठेवा तोंडपाठ करावा लागे.

त्या काळी गीताच्या शब्दांवर लहान लहान खुणा काढत. सूर वर चढतो की खाली उतरतो, एवढेच त्यांवरून कळे. किती वर आणि किती खाली, हे कळत नसे. चाल आधीच ठाऊक असेल त्याला त्या खुणा आठवणीपुरत्या उपयोगी पडत. नव्या माणसाला त्यांचा काहीच उपयोग नसे. प्रत्येक गीत गुरूच्या तोंडूनच शिकावे लागे. गुरू चुकला की शिष्य चुके, आणि दोन मठांतले तेच गीत दोन तऱ्हेने गायले जाई. ग्विदो ह्यांना ह्याचे फार दुःख होई. दहा वर्षे घासूनही गायकाला न ऐकलेले गीत स्वतःहून गाता येत नाही, आणि त्यापायी पवित्र शास्त्राच्या अभ्यासाला वेळ उरत नाही, ही त्यांची खंत होती.

बंधू मिखाएल ह्या सोबत्याला घेऊन त्यांनी गीतांचे एक नवे पुस्तक तयार केले. त्यात त्यांनी आडव्या रेषा आखल्या आणि प्रत्येक रेषेला व दोन रेषांमधल्या प्रत्येक जागेला एकेक सूर नेमून दिला. 'फा'ची रेषा लाल आणि 'डो'ची पिवळी, म्हणजे डोळ्यांना खूण लगेच सापडे. अशा रीतीने प्रत्येक सुराला कागदावर त्याचे घर मिळाले. खूण कोणत्या घरात बसली आहे ते पाहिले की सूर कळे. आज पाश्चात्त्य संगीतात पाच रेषा वापरतात. जुन्या ग्रेगोरियन गीतांच्या पुस्तकांत अजूनही चारच असतात.

एवढे चांगले काम झाल्यावर मठात आनंद व्हायला हवा होता. झाले उलटेच. काही मठवासीयांच्या मनात मत्सर शिरला. जे मिळवायला आपली उमेदीची वर्षे गेली ते कालची पोरे थोड्याच दिवसांत शिकणार, हे त्यांना रुचले नसावे, असे आम्हांला वाटते. मठाधिपतींनीही विरोधकांची बाजू घेतली. हे मठाधिपती कोण? तेही ग्विदो नावाचेच, ज्यांना ख्रिस्तसभा आज संत म्हणून मानते. पवित्र माणसाचेही कान कधी कधी भरले जातात! आमच्या ग्विदोंना पोंपोसा सोडावे लागले.

१०२५च्या सुमारास ते अरेत्सोला आले. तेथील बिशप तेओदाल्द ह्यांनी त्यांना आश्रय दिला आणि कॅथेड्रलमधील गायक मुलांना शिकवण्याचे काम सोपवले. येथेच त्यांनी संगीताची मूलतत्त्वे सांगणारा 'मिक्रोलोगुस' हा ग्रंथ लिहून बिशपांना अर्पण केला.

मुलांना सूर लक्षात राहावेत म्हणून त्यांनी एक सोपी युक्ती काढली. संत योहान बाप्तिस्ता ह्यांचा जन्मसोहळा आपण २४ जूनला साजरा करतो. त्या सणाचे एक लॅटिन गीत आहे. त्यातील पहिल्या सहा चरणखंडांचा आरंभ क्रमाने एकेक सूर वर होतो. त्या सहा आरंभीच्या अक्षरांतून उत, रे, मी, फा, सोल, ला ही नावे आली. 'सी' हा सातवा सूर पुढे जोडला गेला आणि 'उत'चा 'डो' सतराव्या शतकात झाला. मी आणि फा ह्यांमधले अंतर इतरांच्या निम्मे असते. ते कानात बसले की बाकीचे सूर आपोआप जागेवर येतात. आपल्या सा, रे, ग, म ह्यांचा उगम मात्र वेगळा आणि अधिक जुना. ती षड्ज, ऋषभ, गंधार, मध्यम ह्या नावांची आद्याक्षरे आहेत. 'रे' दोन्हीकडे असणे हा योगायोग.

त्यांची कीर्ती पोप एकोणिसावे योहान ह्यांच्यापर्यंत पोहोचली. १०२८च्या सुमारास पोपमहोदयांनी त्यांना रोमला बोलावून घेतले. पुस्तक चाळता चाळता पोपमहोदयांनी स्वतः कधीही न ऐकलेली एक ओळ पाहून गायली, तेव्हा त्यांची खात्री पटली. ग्विदो मात्र रोमच्या दमट उन्हाळ्याने आजारी पडले आणि त्यांना परतावे लागले.

त्याच सुमारास त्यांची पोंपोसाच्या मठाधिपतींशी भेट झाली. पुस्तक पाहून मठाधिपतींना पश्चात्ताप झाला आणि त्यांनी ग्विदोंना मठात परत येण्याची विनंती केली. मागे राहिलेल्या बंधू मिखाएलला ग्विदोंनी हे सारे एका पत्रातून कळवले. त्या पत्रात मत्सरी लोकांबद्दलची वेदना आहे, पण सूड नाही. उलट आपली पद्धत त्यांनी त्यात पुन्हा नीट समजावून सांगितली आहे. दहा वर्षांचे शिक्षण एका वर्षात, फार तर दोन वर्षांत होईल, अशी त्यांची खात्री होती. आपल्यानंतर येणाऱ्यांचे कष्ट वाचावेत आणि त्यांनी आपल्या आत्म्यासाठी प्रार्थना करावी, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

हीच विद्या पुढे पोर्तुगीज काळात गोव्यात पोहोचली. तेथील पॅरिश शाळांतून मेस्त मुलांना सोल्फेज शिकवीत. त्यातून वादक आणि गायकांच्या कितीतरी पिढ्या घडल्या.

आम्हांला ह्या जीवनकथेतून एक गोष्ट घ्यावीशी वाटते. गाणे असो, वाचन असो, वेदीसेवा असो की स्वयंपाक, जे आपल्याला येते ते आपल्यापाशीच ठेवण्याचा मोह प्रत्येकाला होतो. ते सोपे करून नवख्याच्या हाती देणे ही मोठी सेवा आहे. आणि कुणी नवे काही घेऊन आला तर त्याला दूर करण्यापूर्वी त्याचे पुस्तक एकदा उघडून पाहावे. येत्या रविवारी गायकवृंदाच्या मागच्या रांगेत एखादे नवे मूल दिसले, तर त्याला पुढे बोलावून शेजारी उभे करू या. ग्विदोंच्या आत्म्यासाठीही एक प्रार्थना करू या. त्यांनी तेवढीच मागितली होती.