देशरक्षणाचा हिशेब मांडणारा विद्यार्थी : डॉ. बाबासाहेब आंबेडकर

आपल्या समाजातील एखाद्या कर्तृत्ववान पुरुषाचे चरित्र दरवर्षी या स्मरणिकेत द्यावे, असा प्रघात आहे. यंदा तो प्रघात आम्ही जाणूनबुजून मोडीत आहोत. ज्यांचे चरित्र येथे देत आहोत ते आपल्या ज्ञातीत जन्मलेले नव्हते. इतकेच नव्हे तर ज्ञातिसंस्थेच्या मुळाशी हात घालणारे असे ते पुरुष होते. तरीही आम्ही त्यांची निवड केली, याचे कारण वाचकांना लेखाच्या अखेरीस आपोआप कळून येईल.

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांना आपण राज्यघटनेचे शिल्पकार आणि दलितांचे उद्धारकर्ते म्हणून ओळखतो. त्यांची ही दोन्ही रूपे सर्वश्रुत आहेत. परंतु त्यांचे तिसरेही एक रूप आहे आणि त्याकडे आपल्या पाठ्यपुस्तकांनी फारसे लक्ष दिलेले नाही. देशाचे संरक्षण कसे व्हावे, शेजारी राष्ट्रांशी आपले संबंध कसे असावेत, सैन्यात कोणी जावे आणि त्या सैन्याचा खर्च कोणी सोसावा, या प्रश्नांचा त्यांनी आयुष्यभर विद्यार्थ्याच्या निष्ठेने अभ्यास केला. त्या अभ्यासाची ही थोडक्यात हकीकत होय.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. वडील रामजी मालोजी सकपाळ हे सैन्यात सुभेदार असून लष्करी शाळेत अध्यापन करीत. मातुल घराणेही लष्करी पेशाचेच. म्हणजे सैन्याचे वळण या बालकाच्या रक्तातच होते. परंतु त्याच्या जन्मानंतर लवकरच, १८९२च्या सुमारास, इंग्रज सरकारने महार समाजाची सैन्यभरती बंद केली. काही जाती लढवय्या व काही बिनलढाऊ, असा भेद राज्यकर्त्यांनी ठरविला होता. ज्या घरातील पुरुषांनी पिढ्यान्‌पिढ्या बंदूक खांद्यावर वाहिली, त्या घरातील मुलांना छावणीचे दार बंद झाले. सैन्यात कोणाला घ्यावे आणि कोणाला घेऊ नये, हा प्रश्न बाबासाहेबांना ग्रंथांतून भेटण्यापूर्वी घरातच भेटलेला होता.

शाळेत त्यांना किती अवहेलना सोसावी लागली, हे येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. १९०७ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून ते मॅट्रिक झाले. त्यांच्या या यशाचे कौतुक करण्यासाठी सभा भरली, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकाने स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले आणि पुढे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्दही टाकला. महाराजांनी महाविद्यालयीन शिक्षणासाठी दरमहा २५ रुपये देऊ केले. शिक्षकाचा एक शब्द केव्हा कोठे फळास येईल, हे सांगता येत नाही. आम्ही स्वतः जन्मभर खडू-फळ्यात काढल्यामुळे या प्रसंगाचे आम्हांस विशेष वाटते.

पुढे महाराजांनीच त्यांना अमेरिकेस पाठविले. मासिक साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती, मुदत तीन वर्षे, आणि परत आल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानाची नोकरी, अशी अट होती. १९१३च्या जुलैमध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. आंतरराष्ट्रीय संबंध म्हणून आज जो विषय विद्यापीठांतून शिकविला जातो, त्याचे तेव्हा स्वतंत्र अस्तित्व नव्हते. त्या विषयाचे पहिले अध्यासन महायुद्धानंतर, १९१९ साली, वेल्समधील ॲबरिस्टविथ येथे निघाले. त्यामुळे ज्याला जगाचे राजकारण समजून घ्यावयाचे, त्याने ते इतिहास, अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र यांतून वेचून घ्यावे, अशीच तेव्हाची रीत होती.

बाबासाहेबांनी तेच केले. त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांत अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११ आणि राज्यशास्त्राचे अवघे ३ होते. हे आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. राज्याचे सामर्थ्य भाषणात नसून खजिन्यात असते, आणि खजिना म्हणजे अखेर रयतेच्या खिशातून आलेला पैसा, ही दृष्टी त्यांना तेथे प्राप्त झाली. ज्या प्राध्यापकांविषयी त्यांनी पुढे कृतज्ञता व्यक्त केली, त्यांत अर्थशास्त्राचे सेलिग्मन, तत्त्वज्ञानाचे ड्यूई आणि इतिहासाचे रॉबिन्सन व शॉटवेल हे होते. यांपैकी जेम्स शॉटवेल १९१९च्या पॅरिस शांतता परिषदेस अमेरिकेच्या मंडळाबरोबर गेले आणि आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या उभारणीत त्यांनी भाग घेतला. योगायोग असा की, त्यांचा हा हिंदी विद्यार्थी १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचा सभासद झाला, आणि सरकार, मालक व मजूर या तिघांना एकत्र बसविण्याची त्या संघटनेची पद्धत आपल्या देशात रुजविण्याचे काम त्याच्याकडे आले.

१९१६ साली ते लंडनला गेले. तेथे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स व ग्रेज इन या दोन्ही ठिकाणी त्यांनी नाव घातले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली परतावे लागले. महायुद्ध ऐन भरात होते. त्यांनी पोटाला चिमटा घेऊन जमविलेल्या ग्रंथांचा मोठा भाग ज्या बोटीने पाठविला होता, ती बोट पाणतीराने बुडाली. युद्ध म्हणजे काय, हे या विद्यार्थ्याला असेही कळले.

बडोद्यास त्यांची नेमणूक झाली ती महाराजांच्या लष्करी चिटणिसाच्या हुद्द्यावर. एवढ्या विद्वान अधिकाऱ्याला शहरात राहावयास खोली मिळेना. नाव लपवून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले. तेथूनही लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. राज्याचे लष्करी कागद ज्याच्या हाती सोपवावयाचे, त्याला त्याच राज्यात रात्रीपुरते छप्पर नाही! देशाचे रक्षण आणि देशातील माणसाचे रक्षण या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत, हे शिकविण्यास याहून कठोर शाळा कोणती असणार?

मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात काही काळ अध्यापन करून, साठविलेला पैसा व कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य घेऊन, १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ साली एम्. एस्सी. आणि १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाबद्दल डी. एस्सी. या पदव्या त्यांनी मिळविल्या, बॅरिस्टरही झाले.

या साऱ्या अभ्यासाचे पक्व फळ म्हणजे १९४०च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालेला त्यांचा पाकिस्तानविषयक ग्रंथ. त्या ग्रंथातील निष्कर्षांविषयी तेव्हाही मतभेद होते व आजही आहेत. परंतु विचाराची पद्धत पाहण्यासारखी आहे. फाळणी झाली तर हिंदुस्थानचे संरक्षण दुबळे होईल काय, या प्रश्नाला त्यांनी एक संपूर्ण प्रकरण दिले आणि त्याचे तीन भाग पाडले : सरहद्द, साधनसामग्री आणि सैन्य. डोंगर-नद्यांची नैसर्गिक सरहद्द गेली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. अर्वाचीन काळी तटबंदी माणसाला उभारता येते, असे त्यांनी दाखविले. कोणत्या प्रांतांतून किती महसूल येतो, याचा त्यांनी ताळा मांडला. आणि सैन्याच्या बाबतीत सायमन कमिशनच्या अहवालातील कोष्टकच पुढे ठेवले. एकूण १,५८,२०० हिंदी सैनिकांपैकी ८६,००० एकट्या पंजाबचे. मुंबई इलाख्याचे ७,०००. बंगालचा एकही नाही. आणि आपण ज्या निजामी मुलखात होतो, त्या संपूर्ण हैदराबाद संस्थानाचे अवघे ७००! सरहद्द सुरक्षित असण्यापेक्षा सैन्य भरवशाचे असणे महत्त्वाचे, हा त्यांचा सिद्धान्त या आकड्यांवर उभा आहे.

त्यांनी केवळ लिहिले नाही. १९४१च्या जुलैत व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार मंडळावर त्यांची नेमणूक झाली आणि त्याच वर्षी महार रेजिमेंट बेळगाव येथे उभी राहिली. सुभेदारांच्या घराण्याला बंद झालेले दार सुमारे पन्नास वर्षांनी असे उघडले.

आता परभणीकरांना अगदी जवळच्या प्रसंगाकडे वळू. परराष्ट्रकारण म्हणजे दिल्ली-लंडनच्या गोष्टी, असे आपणांस वाटते. पण एके काळी आपली परभणीच आंतरराष्ट्रीय वादाचा विषय झाली होती. १९४७च्या जूनमध्ये इंग्रजांचे जाणे निश्चित होताच त्रावणकोर व हैदराबाद या संस्थानांनी आपण स्वतंत्र होणार असे जाहीर केले. इंग्रज गेले की त्यांचे सार्वभौमत्व लोप पावते व संस्थाने मोकळी होतात, असा त्यांचा कायद्याचा मुद्दा होता. १७ जून रोजी बाबासाहेबांनी पत्रक काढून तो मुद्दा खोडून काढला. ते सार्वभौमत्व लोप पावत नसून इंग्रजांच्या जागी येणाऱ्या हिंदी सरकारकडे येते. हिंदुस्थानला डावलून संयुक्त राष्ट्रसंघ या संस्थानांना मान्यता देईल ही आशा फोल आहे. तेव्हा संस्थानांनी संघराज्यात सामील व्हावे, असे त्यांनी निक्षून बजावले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात त्यांनी हैदराबादेतील अस्पृश्य बांधवांना निजामाची बाजू न घेण्याचा सल्ला दिला.

पुढे घडले ते सर्वांना ठाऊक आहे. १९४८च्या ऑगस्टमध्ये निजाम सरकारने संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीकडे तक्रार नेली. १३ सप्टेंबर रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले. १६ सप्टेंबर रोजी समितीपुढे पॅरिसला हा प्रश्न आला आणि १७ सप्टेंबर रोजी निजामाने शरणागती पत्करली. काही दिवसांतच तक्रारही मागे घेतली. ज्या समितीचे नावही आपल्या खेड्यापाड्यांत कोणी ऐकले नव्हते, तिच्यापुढे आपले भवितव्य क्षणभर टांगले गेले होते. तेथे कोणता मुद्दा टिकेल व कोणता नाही, हे पंधरा महिने आधी सांगणारा माणूस आपल्यातून गेला होता तो विद्यापीठातील अभ्यासाच्या बळावर.

स्वतंत्र भारताचे कायदेमंत्री म्हणून त्यांनी राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद भूषविले. आंतरराष्ट्रीय शांतता व सुरक्षितता यांची वाढ करावी, तंटे लवादाने मिटविण्यास उत्तेजन द्यावे, असे राज्याला सांगणारा ५१वा अनुच्छेद त्याच घटनेत आहे. १९५१च्या सप्टेंबरात त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला; त्याच्या कारणांत परराष्ट्र धोरण हेही एक होते. तेथेही त्यांनी खजिन्याचा ताळेबंद मांडला. वर्षाकाठी ३५० कोटी रुपयांचा महसूल आणि त्यातील सुमारे १८० कोटी सैन्यावर खर्च. मग भुकेल्यांना अन्न व उद्योगांना भांडवल कोठून आणावयाचे? मित्रराष्ट्रे कमी झाली की सैन्याचा खर्च वाढतो, असे त्यांचे गणित होते. काश्मीरविषयी त्यांनी सुचविलेला तोडगा पुष्कळांना पटला नाही आणि त्या वादात आम्ही शिरत नाही. परंतु शत्रुत्वाची किंमत रुपयांत मोजून दाखविणारे मंत्री विरळाच.

१९५४च्या ऑगस्टमध्ये राज्यसभेत त्यांनी तिबेटचा प्रश्न काढला. चीनशी पंचशील करार होऊन चारच महिने झाले होते आणि सर्वत्र बंधुभावाची हवा होती. ल्हासा चीनच्या हाती जाऊ दिल्याने चीनची सरहद्द आपल्या दाराशी आली, असा इशारा त्यांनी दिला. १९६२ साली देशाने तो अनुभव घेतला. तो पाहण्यास बाबासाहेब नव्हते. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निर्वाण झाले होते.

त्यापूर्वी १९५५ साली भाषिक राज्यांवरील पुस्तकात त्यांनी हैदराबाद ही देशाची दुसरी राजधानी करावी असे सुचविले होते. दिल्ली शेजारी राष्ट्रांच्या बॉम्बफेकी विमानांच्या टप्प्यात येते, हे त्यांनी दिलेल्या कारणांपैकी एक. मराठवाड्यासाठी तर त्यांनी १९५० सालीच औरंगाबादेस महाविद्यालय काढले होते. उच्च शिक्षणासाठी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे पाहणाऱ्या आपल्या मुलांना ते केवढे वरदान ठरले, हे वडीलधाऱ्यांना विचारावे.

वाचकहो, आता आमचे कारण सांगतो. आपल्या मंडळाच्या शिष्यवृत्तीसाठी येणारे अर्ज बहुतेक वैद्यकी व अभियांत्रिकीचे असतात. राज्यशास्त्र, इतिहास वा परराष्ट्रसंबंध शिकू इच्छिणाऱ्या मुलाला घरातूनच विचारले जाते, यात पोट भरेल काय? प्रश्न खोटा नाही. परंतु आपल्या मुलांपैकी कोणी सीमेवर उभा राहतो, कोणी परदेशी नोकरीस जातो, आणि आपल्या कापसाचा भाव दूरदेशीच्या बाजारात ठरतो. या गोष्टींचा विचार करणारे डोके आपल्यातून निघू नये काय?

आणखी एक. बाबासाहेबांच्या शिष्यवृत्तीचा पैसा त्यांच्या जातीतून आलेला नव्हता. बडोद्याच्या व कोल्हापूरच्या महाराजांनी तो देताना जातीचे कुंपण मानले नाही. विद्यार्थी असतानाच, १९१६ साली, जातीच्या उगमावर निबंध वाचणाऱ्या या पुरुषाचे चरित्र ज्ञातिमंडळाने छापावे आणि शिष्यवृत्तीचा पैसा मात्र ज्ञातीपुरताच राखावा, हे शोभणार नाही. म्हणून आमची नम्र सूचना अशी की, आपल्या निधीतून दरवर्षी एक शिष्यवृत्ती राज्यशास्त्र व परराष्ट्रसंबंध शिकणाऱ्या विद्यार्थ्यास द्यावी आणि ती परभणी जिल्ह्यातील कोणत्याही जातीच्या मुलास वा मुलीस खुली असावी. कार्यकारी मंडळाने येत्या वार्षिक सभेत हा विषय घ्यावा, आणि सभासदांनी त्यास मोकळ्या मनाने संमती द्यावी, अशी आमची प्रार्थना आहे.