पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर आणि वसंतराव नाईकांची रोजगार हमी

महाराष्ट्रातल्या बहुतेक नोकरदारांच्या पगारातून दरमहा २०० रुपये व्यवसाय कर कापला जातो. फेब्रुवारीत ३०० रुपये. म्हणजे वर्षाचे २५०० रुपये. हा कर १९७५ मध्ये सुरू झाला आणि त्यामागचा उद्देश होता खेड्यातल्या मजुराला काम देणं. शहरातल्या पगारदाराने थोडा भार उचलायचा, तेवढीच भर सरकारने घालायची आणि त्या पैशातून गावात कामं काढायची.

ही कामं म्हणजे रोजगार हमी योजना, अर्थात रोहयो. ती मांडली सांगली जिल्ह्यातल्या वि. स. पागे यांनी. पण मांडलेली योजना राज्याच्या तिजोरीवर घेण्याची हिंमत लागते. ती दाखवली वऱ्हाडातून आलेल्या मुख्यमंत्र्यांनी. त्यांचं नाव वसंतराव नाईक.

रेल्वे आली आणि बैल थांबले

नाईकांचा जन्म १ जुलै १९१३ चा, पुसद तालुक्यातल्या गहुलीचा. घर बंजारा समाजातलं. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरणं हा बंजाऱ्यांचा पिढीजात धंदा. १८६० च्या दशकात वऱ्हाडात रेल्वे आली, पुढे रस्ते झाले आणि या वाहतुकीची गरजच उरली नाही. माणसं तीच, कष्टाची तयारी तीच, पण त्यांच्या कामाला गिऱ्हाईक राहिलं नाही. अर्थशास्त्रात याला संरचनात्मक बेरोजगारी म्हणतात. काही तांडे शेतीत स्थिरावले, बाकीच्यांच्या वाट्याला मजुरी आली.

नाईकांचं घराणं शेतीत स्थिरावलेलं, त्यामुळे त्यांना शिकता आलं. नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून पदवी आणि पुढे कायद्याचं शिक्षण घेऊन ते वकील झाले. १९४१ मध्ये अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली त्यांनी वकिली सुरू केली. शेतकऱ्यांच्या प्रश्नांसाठी आयुष्य घालवलेला हा माणूस पुढे देशाचा कृषिमंत्री झाला. त्याच वर्षी नाईकांनी वत्सला घाटे यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. नंतर ते पुसदला परतले, १९४६ मध्ये नगराध्यक्ष झाले, १९५२ मध्ये आमदार. ५ डिसेंबर १९६३ ला ते मुख्यमंत्री झाले आणि फेब्रुवारी १९७५ पर्यंत, म्हणजे सलग अकरा वर्षांहून जास्त काळ, त्या पदावर राहिले.

सहा महिने काम, सहा महिने वाट

अमरावती आणि अकोला हा कापसाचा पट्टा. जूनमध्ये पेरणी, मग निंदण, डवरणी, दिवाळीच्या आसपास वेचणी. त्याच सुमारास जिनिंगचे कारखाने सुरू होतात. या दिवसांत मजूर मिळत नाही अशी शेतकऱ्याची तक्रार असते. कापूस संपला की चित्र उलटं होतं. कोरडवाहू शेतात उन्हाळाभर काम नसतं आणि तेच मजूर घरी बसतात किंवा गाव सोडतात. ही झाली हंगामी बेरोजगारी. तीन माणसांच्या शेतात घरातली सहा माणसं राबत असतील, तर उरलेल्या तिघांची ती छुपी बेरोजगारी. ते कामावर दिसतात, पण त्यांच्यामुळे पीक वाढत नाही.

नाईकांनी यावर दोन बाजूंनी काम केलं. पहिली बाजू शेतीची. जमिनीतून जास्त पिकलं तर कामही वाढेल, हा हिशेब. त्यांनी संकरित ज्वारीचा जोरदार प्रचार केला. त्यांच्याच काळात राज्यात चार कृषी विद्यापीठं उभी राहिली. विदर्भातल्या आंदोलनानंतर १९६९ मध्ये अकोल्याला विद्यापीठ मिळालं आणि आज ते पंजाबराव देशमुखांच्या नावाने ओळखलं जातं.

दुसरी बाजू थेट रोजगाराची. १९६५ च्या सुमारास पागेंच्या कल्पनेचा प्रयोग तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात झाला होता. १९७२ मध्ये नाईक सरकारने तो राज्यभर नेण्याचं ठरवलं. नेमका तेव्हाच दुष्काळ कोसळला. विहिरी आटल्या, चारा संपला. सरकारने खडी फोडण्याची, रस्त्यांची, पाझर तलावांची कामं काढली. मे १९७३ मध्ये या दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं राबत होती. मजुरी कमी होती, उन्हाचा मारा होता, हजेरीपटात घोळही होते. पण लोकांच्या हातात पैसा आला आणि बाजारातलं धान्य त्यांना घेता आलं. दुष्काळात माणूस अनेकदा धान्य नसल्यामुळे नाही, तर धान्य घ्यायला मजुरी नसल्यामुळे मरतो. जगभरच्या अर्थतज्ज्ञांनी महाराष्ट्राचा हा दुष्काळ अभ्यासला तो त्यासाठीच.

मजुराला नाही म्हणता आलं

रोहयोने मजुरीच्या बाजारातलं एक गणित बदललं. गावात काम देणारे दोन-चार मोठे शेतकरी आणि काम मागणारे शंभर असतील, तर भाव शेतकरी ठरवतो. सरकारी कामाचा पर्याय उभा राहिला की त्या मजुरीपेक्षा कमी देऊन माणूस मिळणं अवघड होतं. रोहयोवर गेला नाही त्या मजुरालाही याचा फायदा होतो. बाईला आणि पुरुषाला सारख्याच दराने पैसे मिळत असल्यामुळे बायकांनी ही कामं मोठ्या संख्येने धरली.

यातच नाईकांची अडचण होती. त्यांचा पक्ष बागायतदार आणि मोठ्या शेतकऱ्यांच्या बळावर उभा होता आणि मजुरी वाढलेली त्यांना नको होती. म्हणून तडजोडी झाल्या. रोहयोचे दर बेताचे ठेवले गेले, कामं अंगमेहनतीची ठेवली गेली. शिकलेल्या बेकार तरुणासाठी या योजनेत काहीच नव्हतं. आजही मेळघाटातली कोरकू कुटुंबं कामासाठी गाव सोडतात. कारण कायद्यात हमी असणं आणि गावात वेळेवर काम निघणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

नाईक मुख्यमंत्री असताना रोहयो ही फक्त योजना होती. सरकारला वाटलं तर ती बंद करता आली असती. विधिमंडळाने कायदा केला १९७७ मध्ये, नाईक पायउतार झाल्यानंतर. त्याच वर्षी ते वाशिममधून लोकसभेवर गेले. २६ जानेवारी १९७९ ला कायदा अमलात आला. मागितल्यावर १५ दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. ग्रामीण महाराष्ट्रातल्या प्रौढ माणसाला काम मागण्याचा हक्क मिळाला.

त्यानंतर सात महिन्यांच्या आत, १८ ऑगस्ट १९७९ ला, सिंगापूरमध्ये वसंतराव नाईकांचं निधन झालं. २००५ मध्ये संसदेने देशभरासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा समोर नमुना होता महाराष्ट्राचा. नाईकांचा जन्मदिवस राज्यात कृषी दिन म्हणून साजरा होतो. पण ज्याच्याकडे शेतच नाही, त्या मजुरासाठीही त्यांनी तिजोरी उघडली होती, हे त्या दिवशी क्वचितच सांगितलं जातं.